नेटवर्किंगच्या वाटेवर पाऊल ठेवताना: सबनेट मास्क आधी समजून घ्या

खान्देशातील महाविद्यालयांतून संगणकशास्त्र शिकलेल्या बहुतेकांना लॅन, मॅन आणि वॅन या संगणकांच्या जाळ्यांच्या प्रकारांच्या व्याख्या पाठ असतात, त्यामुळे त्या येथे पुन्हा देत नाही. मात्र या व्याख्या केवळ अंतरावर बेतलेल्या असतात आणि प्रत्यक्ष कामात त्याहून उपयोगी पडतो तो मालकीचा प्रश्न. जळगावच्या एमआयडीसीतील एखाद्या पाइप कारखान्याचे कार्यालय, गोदाम आणि वजनकाट्याची खोली यांना जोडणारी केबल कारखान्याची स्वतःची असते, बिघाडही त्यानेच दुरुस्त करायचा असतो; ते लॅन. त्याच कारखान्याचे शहाद्यातील विक्री कार्यालय जोडायचे झाले, तर सेवा पुरवठादाराची वाहिनी घ्यावी लागते आणि तेथून वॅन सुरू होते. मॅन म्हणजे शहराच्या आवाक्यातील जाळे. सुरुवातीला त्यावर फार वेळ घालवू नये.

तांब्याच्या ईथरनेट केबलची मर्यादा 100 मीटर आहे, हे लांबच लांब शेड असलेल्या कारखान्यात विसरून चालत नाही. दोन इमारतींमध्ये तर अंतर कमी असले तरी फायबरच टाकावी, कारण पावसाळ्याच्या तोंडावर वीज पडली की तांब्याच्या तारेतून तिचा झटका दोन्ही टोकांच्या स्विचपर्यंत, म्हणजे संगणकांच्या केबली जोडणाऱ्या पेटीपर्यंत, पोहोचू शकतो.

आता मला सर्वाधिक छळलेल्या विषयाकडे वळतो. सबनेट मास्क, म्हणजे संगणकाच्या आयपी पत्त्यातला कोणता भाग जाळ्याचा आणि कोणता यंत्राचा हे सांगणारा आकडा, हा पुस्तकात बेरीज-वजाबाकीचा धडा असल्यासारखा शिकवला जातो आणि आपणही 255.255.255.0 म्हणजे 254 उपयोगाचे पत्ते, एवढे उत्तर लिहून गुण मिळवतो. मास्कचे खरे काम मात्र निर्णयाचे आहे. समोरचा संगणक आपल्याच जाळ्यात आहे की बाहेर, हे पाठवणारा संगणक स्वतःच्या मास्कवरून ठरवतो. समोरच्याचा मास्क त्याला ठाऊकच नसतो. आपल्या जाळ्यातला असेल तर तो थेट पाठवतो, बाहेरचा असेल तर गेटवेच्या, म्हणजे जाळ्याबाहेर नेणाऱ्या यंत्राच्या, हाती देतो.

एकाच स्विचला दोन संगणक जोडले आहेत असे समजा. पहिल्याचा पत्ता 192.168.1.20 आणि मास्क 255.255.255.0, दुसऱ्याचा पत्ता 192.168.1.130 आणि मास्क 255.255.255.128, गेटवे कोणताही दिलेला नाही. पहिल्याच्या दृष्टीने दुसरा शेजारीच आहे, म्हणून त्याचा पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ असे विचारणारा चाचणी-संदेश, दुसऱ्यापर्यंत व्यवस्थित पोहोचतो. दुसऱ्याचा मास्क मात्र जाळ्याचे दोन भाग करतो, 0 ते 127 आणि 128 ते 255. त्याच्या हिशेबाने 20 हा पत्ता परक्या जाळ्यातला ठरतो, उत्तर गेटवेमार्फत पाठवावे लागते आणि गेटवे नसल्यामुळे ते निघतच नाही. केबल चांगली, स्विचवरचे दिवे लुकलुकत आहेत, पत्तेही एकाच घरातले वाटतात, तरीही पडद्यावर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. अशा वेळी नवखा माणूस केबल बदलतो, मग स्विच बदलतो आणि मालकाचा विश्वास गमावतो. कृपया असे करू नका. आधी दोन्ही यंत्रांवर आयपीकॉन्फिग ही पत्ता आणि मास्क दाखवणारी आज्ञा चालवून मास्क शेजारी शेजारी लिहून काढा.

संकेतस्थळांवरील सबनेट कॅल्क्युलेटर पहिले काही महिने वापरूच नयेत, असे माझे ठाम मत आहे. 130 म्हणजे 10000010 आणि 128 म्हणजे 10000000 हे कागदावर मांडून त्यांची अँड क्रिया (दोन्हीकडे 1 असेल तेथेच 1) हाताने केल्याखेरीज मास्क नेमके काय कापतो, हे डोळ्यांना दिसत नाही. पाठांतरावर परीक्षा निघते. बंद पडलेली बिलिंगची यंत्रणा त्यावर सुरू होत नाही. मोठ्या शहरातील महागड्या वर्गासाठी घरच्यांना कर्ज काढायला लावणे तर सर्वथा टाळावे. सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे संगणकावरच जाळे उभारून पाहण्याचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि वर दिलेले उदाहरण त्यात स्वतः उभारून, बिघडवून, पुन्हा दुरुस्त करून पाहता येते.

मार्गदर्शक निवडतानाही पदव्यांकडे पाहू नका. स्वतः शिडीवर चढून केबल ओढणारा, केबलच्या टोकाला आरजे-45 जोडणी दाबून बसवणारा (क्रिम्प करणारा) आणि टेस्टरवर आठही तारा तपासल्याशिवाय खाली न उतरणारा माणूस मिळाला, तर त्याच्या हाताखाली बिनपगारीसुद्धा काही काळ राहावे.

घरी अहिराणी बोलणाऱ्या आणि इंग्रजी पुस्तकाला बिचकणाऱ्या मुलांना मी विशेषत्वाने सांगू इच्छितो की या विषयात भाषा फार थोडी लागते. जगातले सारे जाळे आजही ज्या टीसीपी-आयपी या संदेशवहनाच्या नियमसंचावर चालते, ते इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्याने 1 जानेवारी 1983 रोजी स्वीकारले आणि त्यातील पत्त्यांची मूळ रीत अजून तीच आहे. एकदा नीट समजलेले वाया जात नाही. मास्क पक्का झाला की राउटिंग (जाळ्यांमधली वाट ठरवणे), व्हीलॅन (एका स्विचवर वेगळी जाळी करणे) आणि नॅट (खासगी पत्ते बाहेर जाताना बदलणे) हे पुढचे विषय त्याच क्रमाने घ्यावेत. त्यातही नॅटकडे वळण्यापूर्वी 10, 172.16 ते 172.31 आणि 192.168 या खासगी पत्त्यांच्या मालिका ओळखता येतात का, हे स्वतःला विचारून घ्यावे, आणि 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसला की आपोआप पत्ता वाटणाऱ्या डीएचसीपीकडून उत्तर आलेले नाही, हे ओळखून तेथूनच शोध सुरू करावा.