अँटेनाच्या झिजलेल्या बिजागरीला कोरडे वंगण : माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयात तयार झालेल्या लघुउपग्रहाच्या अँटेनाची बिजागरी वारंवारच्या चाचण्यांमुळे झिजली होती. पिनेवरचा थर जाऊन खालचा धातू चकाकू लागला होता आणि अँटेना अर्ध्यावरच अडकत असे. कार्यशाळेत ग्रीसचा सल्ला मिळाला, परंतु साधे ग्रीस निर्वातात उडून जाते आणि त्याची वाफ कॅमेऱ्याच्या भिंगावर बसते. ग्रॅफाइटही उपयोगाचे नाही, कारण त्याचा निसरडेपणा हवेतील ओलाव्यावर अवलंबून असतो.

म्हणून मॉलिब्डेनम डायसल्फाइड या कोरड्या वंगणाची भुकटी निवडली. पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून, एकसारखी करडी झाक येईपर्यंत भुकटी कापडाने दाबून घासली आणि सुटी राहिलेली झटकून टाकली. (जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू कुठेही येऊन बसतात, त्यामुळे खिडक्या बंदच ठेवल्या.) हे वंगण दमट हवेत खराब होते, म्हणून पावसाळाभर उपग्रह सिलिका जेलसह हवाबंद डब्यात राहिला.

गुरू ग्रहाकडे निघालेल्या नासाच्या गॅलिलिओ यानाची मुख्य अँटेना १९९१ मध्ये पूर्ण उघडली नाही, त्यामागे प्रक्षेपणापूर्वीच्या वाहतुकीत पिनांवरचे कोरडे वंगण निघून गेल्याचे कारण संभवनीय मानले जाते. आमच्याकडचे खड्डे पाहता, नागपूरला नेताना डबा जाड फोममध्ये बसवला आणि पोहोचल्यावर पिना भिंगाखाली पुन्हा तपासल्या.