साखरेमागची उचल: ग्राहकाने नेमकं काय विचारायचं

वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. तरी दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, पाथर्डीकडून ऊसतोड टोळ्या निघतात त्या उचल घेऊनच. टोळी जमवणारा ठेकेदार (मुकादम) नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, हंगामाआधी ही आगाऊ रक्कम देतो आणि ती ऊस तोडून फेडायची. आजारपणात दिवस चुकला की खाडा, त्याचा दंड उचलीत चढतो. हंगाम संपला तरी बाकी उरली, की पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. उचल घेणं गुन्हा नाही. पण ती फिटेपर्यंत काम सोडता येत नसेल, तर कायद्याच्या लेखी ती वेठबिगारीच. हीच साखर बड्या शीतपेय कंपन्यांपर्यंत जाते, हे २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने मांडलं.

साखर सोडून काही होणार नाही. मागणी घटली तर पहिला फटका कोयत्यालाच. विचारत राहणं जास्त उपयोगी.

आधी पोतं बघा. किराणा दुकानातली सुटी साखर ५० किलोच्या पोत्यातून येते. त्यावर कारखान्याचं नाव, हंगाम आणि एस-३० किंवा एम-३० अशी प्रत छापलेली असते. दुकानदाराला सांगून फोटो काढून घ्या. पाकिटावर नुसतं पॅक करणाऱ्याचं नाव असेल, तर ग्राहक सेवेला फोन करून कारखाना विचारा.

बिस्किटं किंवा शीतपेयं असतील, तर कंपनीचा अहवाल उघडा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमाने बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना 'बीआरएसआर', म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, द्यावा लागतो. त्यातलं तत्त्व ५ मानवी हक्कांचं. स्वतःच्या प्लांटबद्दल छान लिहिलेलं असतं, पुरवठादारांचा रकाना पाहा. ब्रिटनमध्ये राहत असाल, तर २०१५ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना त्याबद्दलचं निवेदन वेबसाइटवर ठेवावं लागतं. त्यात 'ऊस' हा शब्द आहे का, एवढंच शोधा.

मग लेखी विचारा, मोघम नको:
– उचलीचा हिशेब तोडणाऱ्याच्या हातात कागदावर मिळतो का?
– खाड्याचा दंड घेतला जातो का?
– बायकोची मजुरी तिच्या खात्यात जमा होते का?

'कामगार आमचे नाहीत, कंत्राटदाराचे' हे ठरलेलं उत्तर येईल. मग कंत्राटदाराशी केलेल्या करारात उचलीबद्दल काय लिहिलंय, ते विचारा.

घरात कुणी सहकारी कारखान्याचे सभासद असतील, तर तुमच्याइतकी ताकद कुठल्याच ग्राहकाकडे नाही. सवलतीची साखर आणून गप्प बसायचं कशाला? वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते. हेच प्रश्न आधी लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंद घ्यायला लावा. काका-मामा वैतागतील, वैतागू द्या.

एखादं कुटुंब अडवून ठेवल्याचं कळलं, तर जिल्हाधिकारी किंवा प्रांत कार्यालयात तक्रार करा. लहान मूल राबताना दिसलं तर १०९८ या चाइल्डलाइनला फोन करा. त्या कुटुंबाचे फोटो मात्र व्हॉट्सॲपवर फिरवू नका. ते मुकादमापर्यंत आधी पोचतात.