मणके जोडायचे की कृत्रिम गादी बसवायची? मानेच्या शस्त्रक्रियेआधी तपासायच्या गोष्टी

मानेतली गादी सरकून हातात कळा येतात, सहा आठवडे गोळ्या आणि फिजिओथेरपी झाली तरी उतार नाही, मग शस्त्रक्रियेचा विषय निघतो. हाताची ताकद कमी होत असेल, शर्टाची बटणं लावता येत नसतील किंवा चालताना तोल जात असेल, तर मात्र सहा आठवडे थांबू नका. आणि नुसती मान दुखते, हातात काहीच नाही, अशांनी सहसा दोन्ही शस्त्रक्रियांपासून लांब राहिलेलं बरं.

दोन्हींत निम्मं काम सारखंच असतं. मानेच्या पुढून तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेऊन श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला सारतात, मग खराब गादी आणि नसेवर टोचणारं वाढीव हाड काढतात. नस मोकळी होते ती इथेच. पुढे फ्यूजनमध्ये त्या जागी केज (छोटा पोकळ ठोकळा) आणि हाडाचा चुरा भरून दोन मणके एक करतात. कृत्रिम गादीत धातूच्या दोन पट्ट्या आणि बहुधा मध्ये पॉलिइथिलीन या प्लास्टिकचा गाभा असतो, त्यामुळे तो सांधा हलत राहतो.

हलता ठेवायचा कशासाठी? जोडलेल्या मणक्यांच्या वर-खालच्या गाद्यांवर जादा ताण येतो. अमेरिकेत 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फ्यूजननंतरच्या पहिल्या दहा वर्षांत दरवर्षी सुमारे 2.9 टक्के रुग्णांना शेजारच्या मणक्याचा नवा त्रास सुरू झालेला दिसला. त्यातला किती फ्यूजनचा आणि किती वयाचा, यावर शल्यचिकित्सकांत एकमत नाही.

पण हालचाल टिकवायची तर आधी ती शिल्लक हवी. निर्णय इथे होतो, इम्प्लांटच्या ब्रँडवर नाही. म्हणून एमआरआयवर भागवू नका.

उभं राहून, मान पुढे आणि मागे वाकवून काढलेले एक्स-रे आधी मागा. त्या जागी दोन अंशांपेक्षा कमी हालचाल असेल किंवा गादीची उंची 3 मिलिमीटरच्या खाली गेली असेल, तर नवी गादी बसवूनही फारसं हाती लागत नाही. उलट मणका 3 मिलिमीटरहून जास्त पुढे-मागे सरकत असेल, तर तो धरून ठेवायला फ्यूजनच लागतं.

मग सीटी स्कॅन. यात दोन गोष्टी बघायच्या. मागचे फॅसेट सांधे (मणक्यांना मागून जोडणारे छोटे सांधे) झिजलेले असतील तर पुढे बसवलेली गादी त्यांना रोज हलवत राहील आणि दुखणं तसंच राहील. दुसरं, मज्जारज्जूच्या पुढचा लिगामेंट (मणके बांधून ठेवणारा पट्टा) हाडासारखा कडक झालाय का. एमआरआयमध्ये हे निसटू शकतं, आशियाई लोकांत याचं प्रमाण जास्त आहे, आणि ते असेल तर कृत्रिम गादीचा विचार सोडावा.

डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत टी-स्कोअर (घनतेचा आकडा) उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर धातूची पट्टी मणक्यात रुतण्याचा धोका असतो. कानातल्या खोट्या दागिन्यांनी पुरळ येत असेल तर तेही सांगा. कोबाल्ट-क्रोमच्या मिश्रधातूत थोडं निकेल असू शकतं.

शस्त्रक्रियेत बिघडतं ते बहुतेक मापामुळे. कृत्रिम गादीची उंची साधारण 5 ते 7 मिलिमीटर असते. घट्ट बसावी म्हणून मोठी घातली की मागचे सांधे फाकतात आणि हालचाल उलट कमी होते. शेजारच्या निरोगी गादीइतकी उंची पुरते. मणक्याचा कडक पृष्ठभाग जास्त खरवडला तरी इम्प्लांट खचतो. गादी मध्यरेषेत आहे ना, हे सी-आर्मवर (ऑपरेशन थिएटरमधल्या एक्स-रे यंत्रावर) समोरून आणि बाजूने बघावं लागतं.

ड्रिलिंगचा चुरा नीट धुवून काढला नाही तर तिथे नवं हाड धरू शकतं. ते वाढत जाऊन चौथ्या, म्हणजे शेवटच्या श्रेणीला पोहोचलं की सांधा पुरता गोठतो, म्हणजे महागडी गादी घेऊन शेवटी फ्यूजनच. हे टाळायला बरेच सर्जन दोन आठवडे सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या देतात, अर्थात मूत्रपिंड आणि पोट साथ देत असेल तर. हाड जुळायला अडथळा नको म्हणून फ्यूजनच्या रुग्णाला याच गोळ्या बहुधा टाळायला सांगतात. तेव्हा दुसऱ्याची चिठ्ठी वापरू नका.

पहिल्या रात्री मान फुगली किंवा श्वास अडला तर लगेच नर्सला हाक मारा. आत रक्त साचलं असेल तर मिनिटं महत्त्वाची असतात. गिळताना त्रास आणि बसलेला आवाज काही आठवडे राहू शकतो. गादी बसवल्यावर कॉलर बहुधा लागत नाही.

कमरेत हे सगळं अवघड होतं. बर्लिनच्या शारिते रुग्णालयात 1984 साली बसवलेली सुरुवातीची कृत्रिम गादी कमरेचीच होती, पण तिथे पोटातून, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या बाजूने जावं लागतं आणि पुढे ती काढायची वेळ आली तर धोका आणखी वाढतो. पुरुषांत वीर्य उलट मूत्राशयात जाण्याचा धोकाही असतो. मूल हवं असेल तर आधी बोला.

घरी जाताना इम्प्लांटचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या प्रत्येक एमआरआयच्या वेळी तंत्रज्ञ मॉडेल आणि धातू विचारेल. सहा आठवडे, तीन महिने, एक वर्ष आणि दोन वर्षांनी मान वाकवून एक्स-रे काढा. साध्या उभ्या एक्स-रेत गादी हलते का ते कळत नाही.