एजंट भलतंच टूल उचलायचा, ते असं सुटलं
आमच्या ऐरोलीच्या कोडिंग ग्रुपचा एजंट, म्हणजे प्रश्न वाचून स्वतःच टूल निवडून चालवणारा एआय मदतनीस, कोडफोर्सेस या प्रोग्रामिंग स्पर्धांच्या साइटचा डेटा आणतो, पण "याचं आत्ताचं रेटिंग किती" विचारलं की पठ्ठ्या युजर डॉट रेटिंग हे टूल मारायचा, ज्यात प्रत्येक कॉन्टेस्टनंतरच्या बदलांची यादी येते, आणि पहिलीच नोंद वाचून जुनाट आकडा सांगायचा. सगळे म्हणे एजंटमागचं एआय मॉडेलच बदल. अरे पण युजर डॉट रेटिंग आणि युजर डॉट इन्फो, दोन्ही टूलचं वर्णन एकच, "युजरचं रेटिंग आणतो", तो तरी काय करणार! युजर डॉट इन्फोला लिहिलं "आत्ताचं रेटिंग इथून", युजर डॉट रेटिंगला "फक्त इतिहास, आत्ताच्यासाठी वापरू नको". कोडफोर्सेस 2 सेकंदांत एकच रिक्वेस्ट घेतं, तेही वर्णनात टाकलं. मग ग्रुपवर पोरांनी विचारलेले खरेच प्रश्न जुन्या-नव्या वर्णनावर चालवले, उत्तर सोडा, टूल कुठलं निवडलं तेवढंच तपासलं. रेटिंगचं सुटलं. हँडलच्या, म्हणजे साइटवरच्या युजरनेमच्या, जागी माणसाचं नाव घुसवतो, ते राहिलंय अजून.