अलार्म ‘वेंट ऑफ’ म्हणजे बंद पडला नव्हे

पुण्यात माझी पहिली नोकरी ब्रिटिश ग्राहकांचे सपोर्टचे फोन घेण्याची होती. तिसऱ्याच आठवड्यात एकाने सांगितलं, “द अलार्म कीप्स गोइंग ऑफ.” मी तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, लिहिलं, अलार्म सारखा बंद पडतो. प्रत्यक्षात तो रात्रभर ठणाणा वाजत होता. तंत्रज्ञ बॅटरी तपासत राहिला आणि त्या ग्राहकाला आणखी एक रात्र जागून काढावी लागली. मला फार लागलं ते. ‘ऑफ’ म्हणजे बंद, हे शाळेपासून इतकं पक्कं बसलं होतं की शंकाही आली नाही.

त्यानंतर मी ‘गो ऑफ’चा अर्थ पाठ करणं सोडलं आणि आधी कर्ता पाहू लागले. अलार्म गो ऑफ झाला तर वाजतो, बॉम्ब फुटतो, दूध नासतं. दिवे मात्र खरोखरच जातात, तिथे आपलं ‘बंद’ चालतं. दूध नासण्याचा अर्थ ब्रिटिशांच्या तोंडी जास्त. अमेरिकन माणूस बहुधा ‘वेंट बॅड’ म्हणेल. “आय हॅव गॉन ऑफ कॉफी” म्हणजे पूर्वी आवडणारी कॉफी आता नकोशी झालीय. आणि “द मीटिंग वेंट ऑफ वेल” ऐकून मीटिंग रद्द झाली असं कळवू नका! ती छान पार पडलेली असते. रद्द झाली, तर ‘कॉल्ड ऑफ’.

हे विचित्र वाटत असेल तर आपलं ‘लागणं’ आठवा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते. फलाटावर गाडी लागते आणि घाटात एखाद्याला गाडी लागते. मराठी शिकणाऱ्याला आपण यातला कुठला एक अर्थ सांगणार?

रचनेची एक गोष्ट मला उशिरा कळली. अलार्म आपणहून ‘गोज ऑफ’. आपल्यामुळे वाजला तर आपण तो ‘सेट ऑफ’ केला. बंद करायचा तर ‘टर्न ऑफ’. तिन्ही वाक्यं मी वहीत एकाखाली एक, पूर्ण लिहून ठेवली होती. सुटी क्रियापदं लिहिली की आठवड्यात विसरायला होतं.

फोनवर जराही शंका आली तर लगेच विचारा: “इज इट रिंगिंग नाऊ, ऑर हॅज इट स्टॉप्ड?” पुढे मी शेकडो वेळा विचारलं. एकही ग्राहक त्यावरून चिडला नाही.