लेऑफच्या दिवशी अ‍ॅक्सेस कधी आणि कसे बंद करायचे

माणसाला दुपारी काढायचं आणि लॉगिन रात्री बंद करायचं, असं अजिबात करू नका. अमेरिकेत फॅनी मे या गृहकर्जाच्या कंपनीमधे २४ ऑक्टोबर २००८ ला हेच झालं, कॉन्ट्रॅक्टवरच्या एका इंजिनिअरला दुपारी काढलं पण अ‍ॅक्सेस रात्रीपर्यंत चालूच, तेवढ्यात पठ्ठ्याने रोज आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टच्या (छोट्या प्रोग्रॅमच्या) खाली पानभर रिकाम्या ओळी सोडून आपला कोड लपवला, ३१ जानेवारीला जवळपास ४,००० सर्व्हर पुसले गेले असते. पाच दिवसांनी दुसऱ्या इंजिनिअरला दिसलं म्हणून वाचले. कोड लपवणाऱ्याला ४१ महिन्यांची शिक्षा झाली.

तर एचआरची मीटिंग सुरू झाली की त्याच वेळी व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमधे शिरायची वाट), एसएसएच की (सर्व्हरवर लॉगिनची डिजिटल किल्ली), क्लाउडचे टोकन (क्लाउडवर पासवर्डऐवजी चालणारे कोड) बंद करा. नुसता ईमेल बंद करून भागत नाही, सगळ्या टीमला पाठ असलेला अ‍ॅडमिन पासवर्ड पण बदला (नेमका तोच विसरतात). मग काढलेल्या माणसाने कोडमधे केलेले शेवटचे बदल आणि क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) दुसऱ्याकडून वाचून घ्या, पार खालपर्यंत स्क्रोल करून.

आणि हो, वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाला झूमवर दोन मिनिटात हाकलू नका. हिशोब वेळेवर द्या, लॅपटॉपमधले घरचे फोटो कॉपी करू द्या, फक्त आयटीवाला शेजारी बसवून.