संख्याशास्त्राच्या पहिल्या सत्रात: आधी मांडणी, मग सरासरी

कॉमर्सला किंवा इकॉनॉमिक्सला नव्याने आलेली मुलं संख्याशास्त्रात घाबरतात ती सूत्रांना. सूत्रं चार दिवसांत तोंडपाठ होतात हो. गोव्यात म्हापशाला शिकवण्या घेताना मी बघते, मार्क जातात ते आकडे मांडताना.

वारंवारता सारणी, म्हणजे कोणत्या वर्गात (गटात) किती आकडे येतात याचा तक्ता, करताना यादी एकदाच वरून खाली वाचायची आणि प्रत्येक आकड्याची खूण त्याच्या वर्गासमोर लगेच मारायची. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. एकेका वर्गासाठी पुन्हा पुन्हा यादी चाळली की एखादा आकडा हमखास सुटतो. शेवटी बेरीज एकूण संख्येशी जुळलीच पाहिजे. वर्ग १००–२००, २००–३०० असे असतील तर २०० हा आकडा दुसऱ्या वर्गात जातो. शेवटचा वर्ग '५०० व त्याहून जास्त' असा उघडा असेल, तर त्याचा वर्गमध्य (वर्गाच्या दोन टोकांच्या मधोमधचा आकडा) अंदाजाने धरल्याशिवाय मध्य, म्हणजे नेहमीची सरासरी, निघत नाही. मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, बहुतेक वेळा निघतो.

आता सरासरी. आपल्याकडे बांगडे पुष्कळदा 'शंभराला इतके' या हिशेबाने मिळतात. समजा, एक दिवस शंभराला ४ मिळाले, दुसऱ्या दिवशी १०. म्हणजे नग पडला २५ आणि १० रुपयांना. सरासरी १७.५०? दोन्ही दिवशी सारखेच नग घेतले असतील तर बरोबर. पण दोन्ही दिवशी शंभरच रुपये खर्च केले असतील, तर २०० रुपयांत १४ बांगडे आले, नग सुमारे १४.२९ रुपयांना. हाच २५ आणि १० यांचा हरात्मक मध्य. वर्गात तो व्याख्येतून शिकवतात आणि कोणाच्या डोक्यात शिरत नाही. बाजाराची पिशवी घेऊन गेलेल्याला लगेच पटतो.

वर्षभराचे भाव एकत्र करतानाही जपून. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा मासळी महागते. ते दोन महिने बाकीच्या महिन्यांत मिसळले की निघणाऱ्या भावाने मासे ना जूनमध्ये मिळतात ना नोव्हेंबरात. अशा वेळी दोन वेगळ्या सारण्या कराव्यात, असं माझं मत.

सरासरींची सरासरी काढायचा मोह तर सगळ्यांनाच होतो. २०११च्या जनगणनेत उत्तर गोव्याची घनता दर चौरस किलोमीटरला ४७१, दक्षिणेची ३२६. दोन्हींची मिळवणी करून निम्मे केले तर ३९८.५ येतात. प्रत्यक्षात राज्याची घनता ३९४, कारण तेव्हा दक्षिण गोवा आकाराने मोठा: १९६६ चौरस किलोमीटर, उत्तर १७३६. भार क्षेत्रफळाचा द्यायचा, म्हणजे प्रत्येक घनतेला तिच्या क्षेत्रफळाने गुणायचं आणि बेरजेला एकूण क्षेत्रफळाने भागायचं. किंवा सरळ एकूण १४,५८,५४५ लोकसंख्येला एकूण क्षेत्रफळाने, ३७०२ने, भागा, तेच उत्तर येतं.